ब्राझीलवर वर्गात ट्रेझर हंट घ्यायचाय, प्रश्न कसे काढू?

निळीशाई

नमस्कार मंडळी. आठवीच्या मुलांसाठी ब्राझीलवर ट्रेझर हंट घ्यायचं मनात आहे. देशाचा भूगोल, सरकार कसं चालतं आणि अर्थव्यवस्था, असे तीन भाग. वर्गात ४० च्या आसपास मुलं, पाच-सहा जणांचे सात गट होतील, लागून आलेल्या दोन तासिका मिळाल्यात. भिंती, व्हरांडा आणि लायब्ररीचा एक कोपरा एवढी जागा. ऍटलास आहेत, एक मोठा भिंतीवरचा नकाशा आहे, बाकी प्रिंटा मी काढेन. लायब्ररीत दोन कॉम्प्युटर आहेत पण मोबाईल नाहीत आणि नकोच आहेत.

नेटवर तयार प्रश्नसंच भरपूर मिळतात पण सगळे एकाच साच्यातले. राजधानी कोणती, चलन कोणतं, भाषा कोणती, सगळ्यात मोठी नदी कोणती. असल्या प्रश्नांना गटातलं एक पोर पाठ असलेलं उत्तर फेकतं, बाकीचे उतरवून घेतात आणि दहा मिनिटांत "मिस, झालं" म्हणत दारात उभे. शोधायचं काही उरतच नाही. भूगोलाचं एक वेळ जमेल, नकाशा तरी आहे, पण सरकार आणि अर्थव्यवस्था या भागांत नुसत्या आकड्यांच्या याद्या होतायत आणि त्या मलाच वाचवत नाहीत तर पोरांना काय वाचवणार.

कोणी असं काही घेतलं असेल तर सांगा, कसे प्रश्न चालतात, कसे नाही चालत. ब्राझीलचंच काही सुचलं तर फारच उत्तम.

---

अक्षांश_रेखांश

देश मस्त निवडलात. ब्राझीलच्या नकाशात इतक्या खोड्या आहेत की प्रश्न काढायला डोकं फार चालवावं लागत नाही, नकाशाच काढून देतो.

माझा एकच नियम आहे, प्रश्नाचं उत्तर पुस्तकातल्या एका ओळीत छापलेलं सापडलं तर तो प्रश्न बाद. दोन ठिकाणी बघून जोडावं लागलं तर ठेवायचा. म्हणजे "ब्राझीलचे शेजारी देश लिहा" असं नाही विचारायचं. "दक्षिण अमेरिकेतल्या कोणत्या दोन देशांची हद्द ब्राझीलला लागत नाही" असं विचारा. उत्तर चिली आणि इक्वेडोर, पण ते काढायला पोराला अख्खी सीमारेषा बोटाने फिरावी लागते आणि तेच तर आपल्याला हवंय. त्याच चिठ्ठीवर खाली दुसरा प्रश्न टाका, "युरोपातला एक देश ब्राझीलचा शेजारी आहे, कोणता?" आधी पोरं हसतात, मिस चुकल्या म्हणतात, मग कोणाला तरी उत्तरेला फ्रेंच गियाना दिसतं. ती वसाहत नाही, फ्रान्सचाच भाग आहे, तिथे युरो चालतो, आणि फ्रान्सची जगातली सगळ्यात लांब जमिनीवरची सीमा स्पेनशीही नाही आणि बेल्जियमशीही नाही, ब्राझीलशी आहे. ७०० किमीच्या वर. हे एकदा नकाशावर सापडलं की पोरं घरी जाऊन चार जणांना सांगतात.

दुसरं, विषुववृत्त आणि मकरवृत्त दोन्ही ज्याच्यातून जातात असा जगात हा एकच देश. पण हे सांगून टाकू नका हो! जगाचा नकाशा आणि पट्टी द्या आणि शोधायला लावा, आफ्रिकेत पोरं बराच वेळ अडकतात. मग पुढची पायरी, विषुववृत्तावरचं ब्राझीलमधलं शहर शोधा. माकापा, ऍमेझॉनच्या मुखाजवळ. तिथे एक फुटबॉलचं स्टेडियम आहे जे मधली रेषा विषुववृत्तावर यावी अशा बेताने बांधलंय, म्हणजे एक टीम उत्तर गोलार्धात गोल वाचवते आणि दुसरी दक्षिण. माझ्या मते या सगळ्या हंटमध्ये फुटबॉल एवढाच असावा, नाहीतर ब्राझील म्हटलं की पेले आणि कार्निव्हल यातच तास संपतो.

नद्यांमध्ये ऍमेझॉन सगळे घेतात. तुम्ही तिएते घ्या. साओ पावलो राज्यात समुद्रापासून साधारण २०-२५ किमीवर उगम पावते आणि समुद्राकडे चक्क पाठ फिरवून पश्चिमेला आत वाहत जाते, पराना नदीला मिळते आणि ते पाणी शेवटी अर्जेंटिनाकडून समुद्रात पोचतं. चिठ्ठीवर फक्त "समुद्र उशाशी असून जिला समुद्र नको" एवढंच लिहा आणि प्राकृतिक नकाशा द्या. आपोआप कळतं की किनाऱ्यालगत उंच कडा आहे आणि जमिनीचा उतार आतल्या बाजूला आहे. हा उतार लक्षात राहू द्या, पुढे अर्थव्यवस्थेत धरणाला कामाला येतो.

---

खडू_फळा

वरचं सगळं पटलं. मी जरा व्यवस्थेचं सांगतो कारण प्रश्न कितीही भारी असले तरी ४० पोरं एकदम एका ऍटलासवर पडली की खेळ संपला.

साखळी गोल ठेवा. म्हणजे सात ठिकाणं, प्रत्येक उत्तर पुढच्या ठिकाणी नेतं आणि सातव्याचं उत्तर परत पहिल्यावर आणतं. मग सात गटांना सात वेगवेगळ्या जागांवरून सुरुवात करून द्या. गर्दी होत नाही, एका गटाचं ऐकून दुसऱ्याला फायदा होत नाही कारण तो गट त्या ठिकाणी अजून पोचायचाच असतो किंवा कधीच होऊन गेलेला असतो. सगळे ओळीने एकाच चिठ्ठीपासून सुरू झाले की पहिला गट पळतो आणि बाकीचे त्याच्या मागे, शोधायचं कोणी नाही.

उत्तराबरोबर पुरावा मागायचा. नुसतं "चिली, इक्वेडोर" नाही, तर कोणत्या नकाशावर, पान कितवं. हे लिहायला लावलं की पाठ असलेलं उत्तर फेकणाऱ्या पोरालाही पुस्तक उघडावं लागतं. गटात कामं वाटून द्या पण ती दर ठिकाणी फिरवा, एकजण वाचणार, एकजण नकाशा, एकजण लिहिणार. नाहीतर लिहिणारी मुलगी शेवटपर्यंत लिहीतच राहते, हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

आणि पहिल्या येणाऱ्याला बक्षीस अजिबात ठेवू नका. बक्षीस ठेवलं की वाचणं थांबतं. वेळ सगळ्यांना सारखा द्या, एका ठिकाणी १० मिनिटं, शिट्टी वाजली की पुढे, उत्तर सापडो न सापडो. अडलेल्या गटासाठी पाकिटात एक मदतीची चिठ्ठी ठेवा.

---

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका पण मला हे प्रकरण फार पटत नाही. दोन तासांत फळ्यावर नकाशा काढून नीट शिकवलं तर याच्या तिप्पट शिकवून होतं. पोरांना काय लक्षात राहतं तर व्हरांड्यात कोण घसरून पडलं ते. आणि सरकार कसं चालतं ही काय पाकिटात लपवून ठेवायची गोष्ट आहे का? भूगोलाचं ठीक. पण संसद, राष्ट्रपती, निवडणूक हे समजावून सांगावं लागतं, शोधून सापडत नाही.

---

घटनाबिटना

@स्पष्ट_बोलतो तुमचं अर्धं बरोबर आहे. "सिनेटचे सदस्य किती" हा प्रश्न (सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) पाकिटात घातला तर त्यातून काहीच समजत नाही, कोणी ८१ सांगेल, पुढे काय. पण तो आकडा तुम्हीच देऊन टाका आणि उलटं विचारा. चिठ्ठी अशी: "ब्राझीलच्या सिनेटमध्ये ८१ जण. प्रत्येक राज्याचे सारखेच. राज्यं २६. हिशोब जुळत नाही, का?" ८१ ला २६ ने भाग जात नाही, पोरं दोनदा करून बघतात, मग कोणीतरी २७ ने भागतं आणि ३ येतात. आता हे सत्ताविसावं कोण? राजकीय नकाशात शोधा. गोयास राज्याच्या पोटात एक छोटासा चौकोन आहे, संघीय जिल्हा, त्यात ब्राझीलिया. राजधानीच्या जिल्ह्यालाही तीन सिनेटर मिळतात. झालं, एका भागाकारात संघराज्य म्हणजे काय ते कळलं.

मग त्याच्याच जोडीला दुसरी चिठ्ठी, खालच्या सभागृहाची. तिथे ५१३ जण आहेत आणि तिथे राज्यांना सारख्या जागा नाहीत, लोकसंख्येप्रमाणे, पण कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ७०. साओ पावलोला ७०, आणि ऍमेझॉनच्या जंगलातल्या रोराइमासारख्या अगदी विरळ वस्तीच्या राज्यालाही ८. राज्यांची लोकसंख्या छापून द्या आणि विचारा की एका खासदारामागे माणसं कुठे जास्त, कुठे कमी, आणि हे तुम्हाला न्याय्य वाटतं का. इथे उत्तर एकच नाही, भांडण होतं, होऊ द्या.

निवडणुकीचा मुद्दा आठवीच्या पोरांना सगळ्यात जवळचा कारण ब्राझीलमध्ये १६ व्या वर्षी मत देता येतं. १६ आणि १७ ला ऐच्छिक, १८ ते ७० सक्तीचं, ७० च्या पुढे परत ऐच्छिक, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही ऐच्छिक. पाच-सहा काल्पनिक माणसांची कार्डं करा, वय आणि शिक्षण लिहून, आणि नियम छापून द्या, पोरांनी ठरवायचं कोणाला जावंच लागेल, कोण घरी बसू शकतं, कोणाला अजून परवानगीच नाही. यात पाठांतर शून्य. २००० सालापासून तिथे सगळीकडे मतदान यंत्रावर होतं, उमेदवाराचा नंबर दाबायचा, फोटो दिसतो, मग हिरवं बटण. बरोबर नसेल तर नारिंगी बटणाने पुसायचं आणि कोणालाच द्यायचं नसेल तर पांढरं बटण. पुठ्ठ्यावर काढून ठेवलंत तर त्या ठिकाणी सगळ्यात जास्त गर्दी होईल, आधीच सांगून ठेवते.

आणि झेंडा! झेंडा विसरू नका. निळ्या गोळ्यात २७ तारे, २६ राज्यं अधिक संघीय जिल्हा. १५ नोव्हेंबर १८८९ ला राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं त्या सकाळचं रिओवरचं आकाश आहे ते. गोळ्यावरच्या पांढऱ्या पट्टीच्या वर एकटाच एक तारा आहे तो पारा राज्याचा. आणि संघीय जिल्ह्याला दिलेला तारा दक्षिण ध्रुवाजवळचा, अगदी फिकट, पण बाकीचं आकाश त्याच्याभोवती फिरताना दिसतं. राजधानीला तोच तारा का दिला असेल, एवढं विचारा आणि गप्प बसा.

---

अक्षांश_रेखांश

पुठ्ठ्याचं यंत्र एकदम आवडलं 🙂

एक सावधगिरी. प्रिंटा काढताना जुन्या पुस्तकांतले आकडे तपासून घ्या. पिको दा नेब्लिना, ब्राझीलचं सर्वोच्च शिखर, जुन्या ऍटलासात ३०१४ मीटर मिळेल, नंतरच्या मोजणीत ते २९९५ निघालं. दोन्ही पुस्तकं वर्गात असली तर दोन गट दोन उत्तरं आणणार आणि दोघंही पुरावा दाखवणार. खरं तर मुद्दाम दोन्ही ठेवा आणि कोणतं पुस्तक कधीचं ते बघायला लावा, तो एक वेगळाच धडा होईल. तसंच "उत्तरेचं टोक" विचारत असाल तर ब्राझीलमध्ये बोलताना लोक ओयापोकीपासून शुईपर्यंत असं म्हणतात, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत या अर्थाने, पण खरं उत्तर टोक ओयापोकी नाहीच, रोराइमातला काबुराई डोंगर आहे. पट्टी लावून बघितलं की दिसतं.

---

हिशोबी

अर्थव्यवस्थेचं माझ्यावर सोडा, माझा आवडता विषय. आधीच सांगते, जीडीपी, निर्यातीचे आकडे, टक्केवारी हे सगळं बाहेर ठेवा. दरवर्षी बदलतात आणि आठवीच्या पोराला अब्ज डॉलर म्हणजे काय कळत नाही (मोठ्यांनाही कुठे कळतं).

सुरुवात नोटांनी करा. रेआल म्हणजे ब्राझीलचं चलन, त्याच्या नोटांवर मागच्या बाजूला प्राणी आहेत. २ वर समुद्री कासव, ५ वर बगळा, १० वर मकाव पोपट, २० वर सोनेरी टॅमरिन माकड, ५० वर जॅग्वार, १०० वर एक मासा आणि २०२० ला आलेल्या २०० च्या नोटेवर लांब पायांचा लांडगा. नोटांची चित्रं छापा, प्राणी आणि त्यांचे प्रदेश यांच्या जोड्या लावायला द्या. टॅमरिन किनाऱ्यालगतच्या अटलांटिक जंगलातला, लांडगा मधल्या सेर्राडो गवताळ भागातला. नोट अर्थव्यवस्थेची आणि उत्तर भूगोलाचं, दोन भाग आपसूक जोडले जातात.

मग विचारा की ही नोट आलीच कशी. १९८६ ते १९९४ या आठ वर्षांत तिथे क्रुझादो, नवा क्रुझादो, क्रुझेरो, क्रुझेरो रेआल आणि शेवटी रेआल, इतक्या वेळा चलन बदललं. १९९३ ला महागाई वर्षाला २,४०० टक्क्यांच्या वर होती. हा आकडा नुसता वाचून काही होत नाही पण असं करा, वर्षाच्या सुरुवातीला १० ला मिळणारी वस्तू वर्षाअखेर कितीला हे पोरांना काढायला लावा. २५० च्या वर जातं. मग १ जुलै १९९४ ला रेआल आला तेव्हा जुने २,७५० देऊन एक नवा रेआल मिळायचा. एखाद्याकडे जुने साडेपाच हजार असतील तर नवे किती? दोन. पोरं म्हणतात म्हणजे तो लुटला गेला. नाही, कारण वस्तूंचे भावही त्याच प्रमाणात नव्या नोटेत लिहिले गेले. ही चर्चा पाच मिनिटं चालू द्या, पैसा म्हणजे काय हे मला कुठल्याच पुस्तकाने एवढं नीट नाही शिकवलं.

तिसरं, कॉफी. "ब्राझील कॉफी उत्पादनात पहिला" हे सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी असं द्या: आधी पराना राज्यात प्रचंड कॉफी होती, आज सगळ्यात जास्त मिनास जेराइसमध्ये. नकाशात बघा कोणतं राज्य कुठे आहे आणि कॉफी उत्तरेला का सरकली असेल ते सांगा. मदतीची चिठ्ठी: "जुलै १९७५". पोरांना वाटतं जुलै म्हणजे पावसाळा, इथेच ती फसतात, तिकडे जुलै म्हणजे हिवाळा. त्या महिन्यात परानात असं दहिवर पडलं की कॉफीची झाडं काळी पडून मेली, आणि पुढे लागवड हळूहळू जिथे दहिवराचा धोका कमी तिकडे गेली. अक्षांश, ऋतू, शेती सगळं एका चिठ्ठीत.

आणि ते धरण, अक्षांश_रेखांश यांनी वर उताराचं सांगितलंय ते. परानावरचं इताइपू, ब्राझील आणि पाराग्वे दोघांचं मिळून. २० यंत्रं, प्रत्येक ७०० मेगावॅटचं, एकूण किती ते पोरं करतील. मजा पुढे आहे. दहा यंत्रं ५० हर्ट्झची (म्हणजे वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते) आणि दहा ६० ची, कारण पाराग्वेत ५० चालतं आणि ब्राझीलमध्ये ६०. पाराग्वे छोटा देश, त्याला आपल्या वाट्याची सगळी वीज लागत नाही, उरलेली ब्राझीलला विकतो. पण ती ५० ची, ब्राझीलच्या तारांत तशीच घालता येत नाही. मग काय करतात? आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करून साओ पावलोच्या बाजूला पाठवतात आणि तिथे ६० ची एसी करतात. विज्ञानाच्या सरांना त्या ठिकाणी उभं करा, फार खूष होतील.

---

स्पष्ट_बोलतो

कॉफी आणि सिनेटचा भागाकार, मानलं. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. सात ठिकाणी सात गमतीजमती सापडल्या, पुढे? एका गटाला बगळा लक्षात राहील, दुसऱ्याला स्टेडियम. देश कुठे समजला? ट्रेझर हंटमध्ये ट्रेझर काय आहे ते कोणीच सांगत नाहीये.

---

खडू_फळा

हा प्रश्न खरा आहे. शेवटी चॉकलेटचा डबा ठेवला की पोरं चॉकलेट खातात आणि वहीतली उत्तरं तिथेच बेंचवर राहतात.

---

घटनाबिटना

माझ्या मते ट्रेझर म्हणजे शेवटचा एक प्रश्न असावा, जो सातही ठिकाणची उत्तरं एकत्र मांडल्याशिवाय सुटणारच नाही. आणि ब्राझीलच्या बाबतीत तो प्रश्न तयारच आहे: राजधानी समुद्रकिनारा सोडून हजारेक किलोमीटर आत का नेली?

विचार करा. आधी साल्व्हाडोर, १७६३ पासून रिओ, दोन्ही किनाऱ्यावर. २१ एप्रिल १९६० ला ब्राझीलिया, जिथे त्याआधी शहर म्हणावं असं काही नव्हतंच. कुबिचेक राष्ट्राध्यक्ष, आराखडा लुसिओ कोस्ताचा, इमारती ऑस्कर निमायरच्या, वरून बघितलं तर विमानासारखा आकार (तो नकाशा नक्की लावा, पोरं आधी पक्षी म्हणतात). पण ही कल्पना कुबिचेकच्या डोक्यातून निघालेली नाही, १८९१ च्या राज्यघटनेतच मधल्या पठारावर राजधानीसाठी जागा राखून ठेवायचं लिहिलं होतं. जवळजवळ ७० वर्षं ते कागदावर होतं.

आता याला भूगोल लागतो, कारण लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा बघितला तर माणसं सगळी किनाऱ्याला चिकटलेली आणि आतला भाग रिकामा. किनाऱ्यालगतचा तो उंच कडा इथे परत येतो. सरकार लागतं, संघीय जिल्हा, झेंड्यावरचा तो फिकट तारा. आणि अर्थव्यवस्था?

---

हिशोबी

अर्थव्यवस्था मी देते ना. सोयाबीन! सेर्राडोची माती आम्लधर्मी, पिकाला नालायक समजली जायची. १९७३ ला एम्ब्रापा ही सरकारी शेती संशोधन संस्था निघाली, मातीत चुना घालून आम्लता कमी करायची पद्धत बसवली, उष्ण भागात येईल असं सोयाबीनचं वाण काढलं, आणि आज देशातलं सगळ्यात जास्त सोयाबीन मातो ग्रोसो राज्यात होतं, जे नकाशात कुठे आहे बघा, ब्राझीलियाच्याही पश्चिमेला. राजधानी आत गेली, रस्ते आत गेले, मागून शेती गेली. आणि त्याची किंमतही सांगा, सेर्राडोचा केवढा तरी भाग नांगराखाली गेला, तो नोटेवरचा लांडगा तिथलाच. यावर पोरं बोलतील, तुम्हाला फळ्यावर लिहावं लागणार नाही.

---

निळीशाई

अरे काय लोक आहात तुम्ही! मी चार प्रश्न मागायला आले होते.

आता असं ठरतंय. गोल साखळी, सात ठिकाणं: सीमारेषा आणि फ्रान्स, तिएतेचा उतार, सिनेटचा भागाकार, मतदाराची कार्डं आणि पुठ्ठ्याचं यंत्र, नोटांचे प्राणी, कॉफी, इताइपू. झेंडा साखळीत नाही, तो वर्गात मधोमध लावते, शेवटच्या प्रश्नासाठी. महागाईचा हिशोब मनात होता पण एका ठिकाणी १० मिनिटांत तो होणार नाही, तो पुढच्या तासाला वेगळा घेईन. प्रत्येक ठिकाणी पुरावा, पान नंबर, कामं फिरती, बक्षीस नाही. सात ठिकाणांना ७० मिनिटं जातील, मग फक्त १५-२० मिनिटं उरतात, तेवढ्यात ब्राझीलियाचा प्रश्न होईल का ही एक धास्ती. एक ठिकाण कमी करू का?

आणि लायब्ररीतल्या कॉम्प्युटरचं काय करू? तिथे पोरं सरळ अख्खा प्रश्न टाइप करतात आणि पहिलं जे वर येईल ते उतरवतात. एआयला विचारलं तर तो कॉफीचं उत्तर पूर्ण परिच्छेदात देईल.

---

खडू_फळा

ठिकाण कमी करू नका, वेळ कमी करा. ८ मिनिटं. सीमारेषा, नोटा ही ठिकाणं ५ मिनिटांत होतात, तिथे उरलेला वेळ पुरावा लिहायला. शिट्टी मात्र सगळ्यांना एकच. त्यातून वीसेक मिनिटांच्या वर उरतात, आणि शेवटचा प्रश्न गटात लिहून न घेता तोंडी घ्या, प्रत्येक गटाने एकच कारण द्यायचं आणि आधीच्या गटाने दिलेलं कारण परत चालणार नाही. सातव्या गटाला घाम फुटतो, म्हणून सगळ्यात हुशार गट शेवटी ठेवा.

कॉम्प्युटरला इंटरनेट नकोच. त्यावर फक्त दोन-तीन नकाशे आणि फोटो उघडून ठेवा, उपग्रहातून दिसणारं ब्राझीलिया, इताइपूचा फोटो, घनतेचा नकाशा. ते ऍटलासात नसतातच.

---

स्पष्ट_बोलतो

इंटरनेट बंद हे बरं. आणखी एक, शेवटच्या प्रश्नाला एक उलटी बाजूही ठेवा. राजधानी आत नेणं चूक होतं असं म्हणणारा एक गट मुद्दाम उभा करा. खर्च अफाट झाला, कर्ज वाढलं, महागाई वाढली, हे मुद्दे त्यांना आधी चिठ्ठीत द्या. नाहीतर सातही गट कुबिचेकची आरती करून घरी जातील.

---

निळीशाई

@स्पष्ट_बोलतो हा गट तुमच्या नावाने काढते. धन्यवाद सगळ्यांना. पुठ्ठ्याच्या यंत्राचा आराखडा कोणाकडे तयार असेल तर टाका, बटणं कोणत्या क्रमाने असतात ते बघायचंय.

---

घटनाबिटना

खाली डावीकडून पांढरं, मग नारिंगी, मग हिरवं. हिरवं बाकी दोघांपेक्षा मोठं काढा. वर आकड्यांची पाटी, फोनसारखी, १ ते ९ आणि खाली ०. आणि स्क्रीनच्या जागी खिडकी कापून मागून उमेदवारांची पट्टी सरकवता येईल अशी ठेवा, नंबर दाबला की मागचा पोरगा फोटो सरकवतो. मागे बसायला कोण, यावरूनच पहिलं भांडण होईल.